मुलं घरी गेल्यावरचा तास

गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या बालवाडीकडे शिक्षिकेच्या कामासाठी येणारे अर्ज वाढले. २०१२ मध्ये पहिल्यांदा, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हा पुन्हा. डिचोली तालुक्यात ज्या घरांपुढे ट्रक नुसते उभे राहिले, त्या घरांतल्या सुना-लेकी काम शोधायला बाहेर पडल्या. कुणी साखळीच्या बाजारात काउंटरवर उभी राहिली, कुणी कुंडईच्या कारखान्यात गेली, आणि ज्यांना गावाबाहेर जायचं नव्हतं त्या आमच्या मंडळाच्या दारात आल्या. बी.ए., बी.कॉम., एक तर रसायनशास्त्रात एम.एस्सी. प्रत्येकीचं म्हणणं थोड्याफार फरकाने तेच: लहान मुलांनाच तर सांभाळायचंय.

मी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली बाई. देवळाशेजारच्या सभागृहात आमचं मंडळ बालवाडी चालवतं, तिच्या समितीवर मला घेतलं आणि शिक्षिका निवडायचं काम माझ्याकडे दिलं, कारण उरलेल्या सभासदांना हे बायकांचं खातं वाटत होतं. मला राग आला नाही. ज्या खात्याकडे कुणाचं लक्ष नसतं, तिथे मनासारखं काही करून बघता येतं.

पहिली भानगड कागदांची. पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी दोन वर्षांची पदविका राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने आखलेली आहे, पण ती करून आलेली उमेदवार आमच्याकडे फिरकत नाही. येतात त्या डी.एल.एड. झालेल्या, आणि त्यांचं अर्धं लक्ष सरकारी प्राथमिक शाळांच्या जाहिरातीकडे असतं. ते रास्तच आहे, त्यांचं शिक्षणच पहिलीपासून पुढच्या वर्गांसाठी झालेलं. बी.एड.वाल्या येतात. साडेतीन वर्षांचं मूल पाठटाचणाच्या कुठल्या रकान्यात बसवायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि येतात ‘एनटीटी’, म्हणजे नर्सरी टीचर्स ट्रेनिंग, केलेल्या. हा अभ्यासक्रम कुठे वर्षभर मन लावून शिकवतात, कुठे काही महिन्यांत प्रमाणपत्र हातात ठेवून मोकळे होतात. दोन्ही कागद दिसायला सारखेच, सोनेरी किनारीचे. सोबत थर्माकोलच्या फुलपाखरांची पिशवी असते. फुलपाखरं किती सुबक आहेत यावरून बाई मुलांशी कशी वागेल ते आजवर मला ओळखता आलेलं नाही.

२०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षं एका पायाभूत टप्प्यात बांधली. २०२२च्या ऑक्टोबरात त्या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, आणि २०२३-२४ पासून गोव्यात तो लागू व्हायला लागला. कागदावर तीन वर्षांचं मूल आता शिक्षणव्यवस्थेत आलं. त्याला शिकवणारी बाई मात्र अजून व्यवस्थेच्या पायरीवरच उभी आहे. धोरणाने तिच्यासाठी वाट आखली आहे: बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका, आणि तीही काम करता करता, मोबाइलवरून किंवा दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवरून. वाट असावी, बरंच आहे. पण मांडीवर एक मूल आणि पदराला दुसरं असताना मोबाइलवरचं व्याख्यान कसं ऐकतात ते मी पाहिलं आहे. आवाज चालू असतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण गावात मला ‘कागदांच्या विरोधातली बाई’ समजतात. मी कागदांच्या विरोधात नाही. ‘माया असली की सगळं जमतं’ हे वाक्य मी समितीच्या सभांत इतक्यांदा ऐकलं आहे की ते कुठल्या विषयावर येतं ते मला पाठ झालं आहे: पगाराच्या. बाईला माया आहे म्हटलं की तिला पैसे कमी दिले तरी चालतात. आणि मायेला ऐकू येण्यातला दोष कळत नाही. हाक मारल्यावर न वळणारं मूल हट्टी आहे, की त्याचा कान सर्दीने भरलाय, की त्याला जन्मापासूनच कमी ऐकू येतं, हे ओळखायला शिकावं लागतं. तीन वर्षांचं मूल किती शब्द बोलत नसेल तर डॉक्टरकडे पाठवायचं, झटका आला तर तोंडात चमचा का घालायचा नाही, चावणारं मूल नेमकं दिवसाच्या कुठल्या वेळी चावतं, हे सगळं ज्ञान आहे. ते आईपणासोबत आपोआप येत नाही. मला दोन मुलं आहेत, मला आलं नव्हतं.

तर, मुलाखत. ती मे महिन्यात होते, बालवाडीला सुट्टी असते. म्हणून वाड्यावरची, म्हणजे आमच्या वस्तीतली, पाच-सहा पोरं बोलावतो. सभागृहात सतरंजी, तिच्यावर करवंट्या, चिंचोके, माडाच्या हिरांच्या काड्या, बाहेर व्हरांड्यात पाण्याचं घमेलं आणि पोफळीची एक मोठी विरी, म्हणजे गळून पडलेल्या झावळीचं रुंद देठ. उमेदवाराला सांगतो, अर्धा तास तुमचा. काय करा हे सांगत नाही. आम्ही खिडकीजवळ बसतो आणि चहा पितो, म्हणजे तिला वाटावं की आमचं लक्ष नाही.

बहुतेकजणी उभ्या राहून सुरुवात करतात. ‘चला मुलांनो, गोल करा.’ गोल होत नाही. चिंचोक्यांवर आधीच दोघं भांडत असतात, विरीवर बसून एकाला दुसरा ओढत निघालेला असतो. मग आवाज चढतो. काहीजणी पिशवीतून फुलपाखरं काढतात. क्वचित एखादी काही न बोलता सतरंजीवर बसते, करवंटी उचलते, घमेल्यात सोडते आणि बघत राहते. दोन मिनिटांत तिच्याभोवती मुलं असतात. एम.एस्सी. झालेली ती मुलगी अशीच बसली होती. करवंटी पालथी घातली की तरंगते की बुडते, यात ती स्वतःच इतकी रमली की वेळ संपल्याचं आम्हाला सांगावं लागलं.

मी आणखी एक गोष्ट बघते: प्रश्न विचारल्यावर ती थांबते का. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या शिक्षणसंशोधक होत्या. त्यांनी विज्ञानाच्या वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं होतं. शिक्षक प्रश्न टाकून सरासरी एक सेकंद थांबत, आणि मग स्वतःच उत्तर देत किंवा दुसऱ्याकडे वळत. तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरं लांबत, एरवी गप्प राहणारी मुलं बोलत. ती तर प्राथमिक शाळेतली मुलं होती. आमच्याकडच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला प्रश्न मराठीत ऐकू येतो, ते मूल तो कोकणीत लावून बघतं आणि मग तोंड उघडतं. त्याला तीन सेकंदही पुरत नाहीत. उमेदवार बाई तेवढ्यात ‘सांग, सांग, लवकर सांग’ म्हणून मोकळी झालेली असते.

तोंडी प्रश्न आम्ही एकच विचारतो. एक मूल दुसऱ्याला चावलं, काय कराल? ‘समजावीन’ हे उत्तर ठरलेलं. एक बी.कॉम. झालेली म्हणाली, “ज्याला चावलं त्याच्याजवळ आधी जाईन. चावलेला कुठे जातोय!” आमचे खजिनदार भाऊ हसले. मी तिच्या नावापुढे खूण केली.

एकदा एका तरुणाचा अर्ज आला होता. डी.एल.एड. झालेला, गावच्या नाटकात काम करणारा, गाणारा. सभेत शांतता पसरली. मी म्हटलं, गुजरातेत भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका मुलांत रमले, त्यांना लोक ‘मूछाळी मां’ म्हणत. मिशीवाली आई चालत असेल तर आपल्याला काय हरकत? हरकत होतीच, आणि ती अगदी निराधार होती असंही मी म्हणणार नाही. पालक आजकाल घाबरलेले असतात. पण पोलिस पडताळणी, खोलीचं दार उघडं, मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसं हे नियम पुरुषासाठी वेगळे आणि बाईसाठी वेगळे कशाला हवेत? ते सगळ्यांनाच हवेत. नियम झाले. तो तरुण तोवर पणजीला दुसऱ्या नोकरीला लागला होता.

हे सगळं करूनही निवड हे अर्ध्याहून कमी काम आहे. ती एम.एस्सी. मुलगी पहिल्याच आठवड्यात रडत घरी गेली. जून महिना, बाहेर धो धो पाऊस, आत वीस मुलं, त्यांतली सात-आठ आईच्या नावाने हंबरडा फोडणारी, ओले रेनकोट, कुणाची चड्डी भिजलेली. मुलाखतीतल्या सहा मुलांत जी शहाणी वाटली होती ती त्या गदारोळात पार हरवली. प्रमाणपत्र असलेलीही अशीच हरवते, फक्त ती रडत नाही. ती पाटीवर ‘अ’ गिरवायला लावते. पाटी हातात आली की मुलं गप्प बसतात आणि बाईला हायसं वाटतं. पुढे वर्षभर पाटीच हातात राहते.

म्हणून आमच्याकडे एक वेगळा तास आहे. मुलं साडेबाराला घरी जातात. पूर्वी बायाही त्यांच्या मागोमाग निघत, घरी जेवणं खोळंबलेली असत. आता दीडपर्यंत त्या थांबतात आणि त्या तासाचा पगार त्यांना मिळतो. खजिनदारभाऊंनी पहिल्याच सभेत विचारलं होतं, “मुलं नसताना पगार कसला?” मी म्हटलं, भाऊ, मुलं असताना त्यांना विचार करायला वेळ कुठे असतो? ते पटलं म्हणून नव्हे, पण मी ऐकणार नाही हे ओळखून त्यांनी एक वर्षाची मंजुरी दिली. पुढे कुणी विषय काढला नाही.

त्या तासात काही थोर घडत नाही. आधी खिचडीचं उरलेलं खाणं होतं. मग प्रत्येकीने एका मुलाबद्दल सांगायचं, फक्त आज पाहिलेलं. ‘हट्टी आहे’, ‘मस्तीखोर आहे’, ‘हुशार आहे’ असले शब्द चालत नाहीत. त्याने काय केलं ते सांगा. हे भयंकर कठीण आहे. मी स्वतः इतकी वर्षं प्रगतिपुस्तकांत ‘प्रयत्न करावा’ लिहीत आले, मलाही पहिले काही महिने जीभ आवरावी लागली. एक बाई सांगते, दुसऱ्या विचारतात. मग काय झालं? तू कुठे होतीस? त्याच्या हातात काय होतं? वहीत चार ओळी लिहिल्या जातात. दर वेळी शहाणपणाचं काही निघतं असं नाही. पुष्कळदा गप्पा सासूवर घसरतात.

पण कधी निघतंही. एक मुलगा होता, भिंतीला पाठ लावून बसणारा. वडील टिपरवर ड्रायव्हर, घरात कानडी. बी.कॉम. झालेल्या आमच्या बाईने वहीत लिहिलं होतं, ‘गोष्टीच्या वेळी लक्ष नसतं.’ आमच्या मदतनीस काकी भांडी पुसता पुसता म्हणाल्या, “लक्ष ना कशें? तो रोज वाट्या मेजता.” कुणालाच माहीत नव्हतं. खिचडीच्या आधी काकी स्टीलच्या वाट्या मांडतात, तेव्हा हा भिंतीजवळून पुटपुटत असतो: ओंदु, एरडु, मूरु. एकही वाटी कमी पडली की तो काकींकडे बघतो. दुसऱ्या दिवशी वाट्या वाटायचं काम त्याला दिलं. बाईने कानडीत दहापर्यंत अंक पाठ केले आणि चुकीच्या उच्चारात मोजू लागली, त्यावर तो पहिल्यांदा खुदकन हसला. बोलू लागला तो चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीनंतर, आणि तेही आधी काकींशी, कोकणीतून. कुठलंही प्रशिक्षण त्या बाईला ‘वाट्यांकडे बघ’ असं सांगणार नव्हतं. मात्र मूल गप्प आहे म्हणजे ते मंद नाही, घरची भाषा वेगळी असलेलं मूल असे काही महिने घेतं, हे तिला आधी वाचायला दिलेलं होतं. दोन्ही लागलं.

याच तासात आम्ही एकदा आवाज ऐकले. एम.एस्सी. बाईने मोबाइल खिशात चालू ठेवून स्वतःचाच अर्धा तास ध्वनिमुद्रित केला आणि घरी एकटीने ऐकला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “बाई, मी दिवसभर बसच्या कंडक्टरसारखी बोलते.” पुढे सरका, रांगेत या, हात धुवा, खाली बसा. मुलाने ‘म्हज्या बोकड्यान...’ म्हणून काही सुरू केलं होतं, तिने ‘हं, हात धुव’ म्हणून ते तोडलं होतं. त्या बोकडाचं पुढे काय झालं ते कुणाला कळलंच नाही. तिने त्या मुलाला नंतर विचारलं तर तो विसरून गेला होता. तिला हे कुणी ऐकवलं असतं तर ती दुखावली असती, कदाचित सोडूनही गेली असती. स्वतःच ऐकलं म्हणून पुढच्या आठवड्यात तिचं बोलणं निम्म्यावर आलं.

लहान वयातल्या शिक्षणावर भाषण करणारा प्रत्येक पाहुणा अमेरिकेतल्या पेरी प्रीस्कूलचं उदाहरण देतो. मिशिगन राज्यातलं इप्सिलांटी गाव, १९६२ मध्ये सुरू झालेला प्रयोग, गरीब घरांतली १२३ मुलं, त्यांतली ५८ बालशाळेत घातली आणि मग सगळ्यांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. शिकण्यात, कमाईत, तुरुंगात न जाण्यात बालशाळेची मुलं पुढे राहिली. एका डॉलरचे किती झाले याचा हिशेब पाहुणे चवीने सांगतात. तिथे शिकवणाऱ्या बाया पदवीधर, प्रशिक्षित होत्या, एकेकीकडे पाच-सहाच मुलं असत आणि आठवड्यातून एकदा दीड तास त्या प्रत्येक मुलाच्या घरी जात, हे मात्र त्या भाषणात येत नाही. आपल्याकडच्या २०१३च्या बालसंगोपन आणि बालशिक्षणाच्या राष्ट्रीय धोरणातल्या निकषांत तीन ते सहा वयासाठी एका शिक्षिकेमागे वीस मुलं आहेत. तेवढी पाळली तरी पुष्कळ.

घरी जाण्याची कल्पना मात्र आम्ही उचलली. दर आठवड्याला नाही, चवथीच्या दिवसांत, कारण तेव्हा आमच्याकडे कुणी कुणाच्याही घरी न सांगता जातं. नव्या बाईला एखाद्या जुन्या बाईसोबत पाठवतो. गणपतीवर फळाफुलांची माटोळी टांगलेली असते, तिच्याखाली मूल तिला ओढून नेतं आणि वर बांधलेली फळं दाखवतं: आंबाडे, कांगलां, सुपारीचे घोस, चिबूड. रानातून काय आणलं, बाजारातून काय आणलं, कशाला काटे आहेत, काय खायचं आणि काय नाही, हे सगळं त्याला ठाऊक असतं. वर्गात रंगीत ठोकळ्यांचे गट करताना चुकणारं मूल इथे चाळीस जिन्नसांचे गट करतं. बाई परत येते ती ठोकळ्यांची पेटी बाजूला सारून. काही जणी नाही सारत. त्यांना पेटीच सोयीची वाटते, आणि पेटीत वाईट काही नाही.

पालकांशी बोलायचं कसं, हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ जातो. शेजारच्या केजीतल्या मुलाला शंभरपर्यंत लिहिता येतं, आमच्याला का नाही? बावीस वर्षांची बाई या प्रश्नापुढे गडबडते, कारण विचारणाऱ्या आजोबांना ती लहानपणापासून ओळखते आणि उलट बोलणं तिला शोभत नाही असं तिच्या आईने शिकवलेलं असतं. मग ती दुसऱ्या दिवशी मुलाला पेन्सिल देते. आम्ही तासात याची नाटकं करतो, मी आजोबा होते. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती नुसती कूर्चा असते आणि पुढे वर्षानुवर्षं एकेक करून घट्ट होतात. चार वर्षांच्या मुलाचं मनगट बारीक अक्षरांसाठी अजून तयार होतंय, म्हणून आम्ही त्याला कणीक मळायला देतो, काड्या मोडायला देतो, चिमटीने चिंचोके उचलायला देतो. हे आजोबांना न चिडता, न लाजता, आदराने सांगायचं. आमच्या बी.कॉम. बाईने एका आजोबांच्याच हातात कणकेचा गोळा दिला. पुढे काय झालं याच्या दोन आवृत्त्या गावात आहेत, मी दोन्ही सांगत नाही.

मराठीत या विषयाची परंपरा आहे आणि ती आपण फोटोला हार घालण्यापुरती ठेवली आहे. गिजुभाई वकिली सोडून आले. ताराबाई मोडक त्यांच्याकडे भावनगरला १९२३ मध्ये गेल्या, त्या आधी राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. बालमंदिर चालवायची पदविका दोघांकडेही नव्हती. पण मुलांचं मंदिर उभं राहिल्यावर शेजारी शिक्षकांचं अध्यापन मंदिर लागतंच, हे त्यांनी लगेच ओळखलं. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसोबत काम केलं, तेव्हाही मुलांइतकाच जीव बाया घडवण्यात ओतला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडी तिथली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. अंगण गेलं, अध्यापन मंदिर मागेच राहिलं.

अंगणवाडी सेविकांबद्दल बोलताना मला जरा सांभाळून बोलावं लागतं, कारण आमच्याच वाड्यावर अंगणवाडी आहे आणि तिथली सेविका माझी विद्यार्थिनी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या उपचारांसाठी पाठवणं, आयांना आरोग्याची माहिती देणं, आणि या सगळ्यांतून उरलेल्या वेळात पूर्वशालेय शिक्षण, अशा सहा सेवा तिच्याकडे. शिवाय २०२१ पासून मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये रोजची नोंद. या कामाला पगार नाही, मानधन. २०१८च्या ऑक्टोबरपासून केंद्राच्या हिशेबात सेविकेला ४,५०० आणि मदतनीसाला २,२५० रुपये. त्यावर राज्यं आपली भर घालतात, गोवाही घालतो. सेविकांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या एप्रिलमध्ये सांगितलं. २०२३ पासून ‘पोषण भी, पढाई भी’ नावाने त्यांना शिकवण्याचं प्रशिक्षण देणं सुरू झालं आहे. तीन दिवसांचं. माझ्या विद्यार्थिनीला ते आवडलं, खूप काही नवीन कळलं म्हणाली. चौथ्या दिवशी ती कुणाशी बोलली असती? तिच्या अंगणवाडीत ती आणि मदतनीस, बस्स. आता ती अधूनमधून आमच्या दुपारच्या तासाला येऊन बसते. तिच्यावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेला ते माहीत आहे आणि तिने माहीत नसल्यासारखं ठेवलं आहे.

मग त्या जातात. हे न लिहिलं तर लेख खोटा होईल. दोन-तीन वर्षं घडवलेली बाई हाताशी येते, तिची नजर तयार होते, आणि सरकारी प्राथमिक शाळेची जाहिरात निघते, किंवा लग्न होऊन ती काणकोणला जाते, किंवा नवऱ्याच्या मागे आखाती देशात. आम्ही देतो त्याहून हॉटेलच्या रिसेप्शनवर जास्त मिळतं. कुणाला दोष देणार? एकदा वर्षाच्या अधेमधे बाई गेली तेव्हा एक मुलगी रोज दप्तर घेऊन दारातच बसायची, आत येत नसे. तेव्हापासून करारात एक ओळ आहे: निघण्यापूर्वी नव्या बाईसोबत दोन आठवडे एकत्र काम. मुलांना सांगायचं, निरोप घ्यायचा, जुन्या बाईने नव्या बाईला प्रत्येक मुलाची वही समजावून द्यायची. सरकारी नेमणुकीचं पत्र दोन आठवडे थांबत नाही, त्यामुळे ही ओळ अर्ध्या वेळा मोडते. तरी ती काढलेली नाही.

‘दुसऱ्यांसाठी शिक्षिका तयार करण्याचा कारखाना काढलाय आपण,’ असं खजिनदारभाऊ म्हणतात. माझी तक्रार नाही. एम.एस्सी. बाई उच्च माध्यमिकला गेली, तिथे ती अकरावीच्या मुलांना प्रश्न विचारून थांबते म्हणे आणि मुलं गोंधळतात. बी.कॉम. बाई अजून आहे, मधल्या काळात तिने पूर्वप्राथमिकचा नीट अभ्यासक्रम केला, फी मंडळाने भरली, बदल्यात तीन वर्षं थांबायचं असं तोंडी ठरलं. तोंडीच. कागदावर घ्यावं असं समितीत बरेचजण म्हणाले. मी घेऊ दिलं नाही, कारण कागदाने बांधलेली बाई थांबते पण तिचं लक्ष घड्याळाकडे असतं.

सध्या माझ्या डोक्यात आहेत त्या मदतनीस काकी. केंद्राच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं काम केलेल्या मदतनीसांतून भरायच्या आहेत. आमची बालवाडी खाजगी, आम्हाला तो नियम लागू नाही, पण तो शहाणपणाचा आहे हे आम्ही वाट्या मोजणाऱ्या मुलापासून जाणून आहोत. अडचण बारावीची. काकी दहावीला थांबल्या होत्या. मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरला, गृहविज्ञानात छान गुण आले, इंग्रजी राहिलं. दुपारच्या तासात आता पंधरा मिनिटं काकींच्या इंग्रजीची असतात. बी.कॉम. बाई शिकवते, प्रश्न विचारते आणि गप्प बसून राहते. काकी वैतागून म्हणतात, “अगे, उत्तर सांग मगे!” ती सांगत नाही. ऑक्टोबरात पेपर आहे, आणि काकी बाई झाल्या तर खिचडी कोण शिजवणार, हा विषय खजिनदारभाऊंनी पुढच्या सभेच्या यादीत आत्ताच टाकून ठेवला आहे.